पिपची प्रमाणपत्र-पडताळणी फसते तेव्हा काय करावे

‘पिप’ या पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने पायथनचे एखादे पॅकेज बसवायला घ्यावे आणि ते उतरण्याऐवजी पडद्यावर ‘रिट्राइंग’ असे सांगणाऱ्या पाच पिवळ्या ओळी एकामागून एक पडाव्यात, शेवटी ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’ असा निकाल लागावा, हा अनुभव ऑफिसच्या लॅपटॉपवर पायथन वापरणाऱ्या अनेकांनी कधी ना कधी घेतलेला असतो. शोध घेतला की पहिल्या काही उत्तरांतच ‘ट्रस्टेड-होस्ट’ हा पर्याय सापडतो, तो जोडला की पॅकेज निमूटपणे बसते आणि मूळ दोष जिथल्या तिथे राहतो. तो दोष शोधून दुरुस्त कसा करायचा ते येथे सविस्तर सांगितले आहे, आणि माझ्या सहकाऱ्यांना मी तो सोपा पर्याय का वापरू देत नाही, तेही सांगितले आहे.

आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप कराव्यात. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची, म्हणजे प्रोग्रॅमना सेटिंग पुरवणाऱ्या नोंदींची, नावे मात्र मोठ्या अक्षरांत आणि मधल्या अधोरेषेसह लिहावीत.

पिप नेमके काय तपासते

एका पॅकेजसाठी पिप दोन ठिकाणी जाते. कोणत्या आवृत्त्या उपलब्ध आहेत याची यादी पायपीआय डॉट ऑर्ग या पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावरून येते आणि प्रत्यक्ष फाइल मात्र फाइल्स डॉट पायथनहोस्टेड डॉट ऑर्ग या दुसऱ्या पत्त्यावरून उतरते. दोन्ही ठिकाणी देवाणघेवाण सुरू होण्याआधी सर्व्हर आपले प्रमाणपत्र पुढे करतो. त्यावर एका मधल्या संस्थेची सही असते, त्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर तिच्याही वरच्या संस्थेची असते, आणि ही साखळी शेवटी अशा रूट प्रमाणपत्रापाशी थांबते की ज्यावर त्याची स्वतःचीच सही असते. स्वतःच स्वतःला दिलेल्या त्या सहीला अर्थातच काही वजन नसते. रूट प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ते पिपजवळच्या यादीत आहे की नाही एवढ्यावरूनच ठरते. साखळी यादीपर्यंत पोचली, प्रमाणपत्राची मुदत चालू असली आणि त्यावरचे नाव मागितलेल्या पत्त्याशी जुळले, तरच पिप पुढे जाते.

ही यादी येते कुठून, हा कळीचा प्रश्न आहे. पिपने २०१३ मध्ये १.३ या आवृत्तीपासून प्रमाणपत्रे तपासायला सुरुवात केली, आणि त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ ते ‘सर्टिफाय’ नावाच्या पॅकेजमधली, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने राखलेल्या यादीची प्रत स्वतःच्या पोटात घेऊन फिरत असे. संगणकाची स्वतःची यादी त्याला दिसतच नसे. ऑफिसच्या आयटी विभागाने विंडोजच्या यादीत कंपनीचे रूट प्रमाणपत्र नीट घातलेले असूनही ब्राउझर बिनतक्रार चालतो आणि पिप मात्र अडते, याचे कारण हेच होते. जुलै २०२४ मध्ये आलेल्या २४.२ या आवृत्तीपासून, पायथन ३.१० किंवा त्यापुढचे असल्यास, पिप ‘ट्रस्टस्टोअर’ या पॅकेजच्या मदतीने संगणकाची यादीही विचारात घेते. निम्म्या तक्रारी या एका बदलाने मिटतात, म्हणून पुढच्या उपायांत पहिला क्रम त्याचाच आहे.

दोन याद्यांमध्ये फरक का असतो याचे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. जुलै २०१४ मध्ये गूगलने जाहीर केले की तिच्या काही डोमेनच्या नावाने नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या प्रमाणन-यंत्रणेतून अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेली आहेत. त्या यंत्रणेच्या वरचे, कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज या भारतीय नियंत्रकाचे रूट प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते, मोझिलाच्या यादीत नव्हते. त्यामुळे विंडोजच्या यादीवर विसंबणाऱ्या बहुतेक प्रोग्रॅमना त्या प्रमाणपत्रांत काही वावगे दिसले नसते, आणि त्याच संगणकावर स्वतःची यादी बाळगणाऱ्या फायरफॉक्सने ती नाकारली असती. ब्राउझरला जे चालते ते पिपलाही चाललेच पाहिजे, हे गृहीतक म्हणूनच धरू नये.

संदेशाचा शेवटचा तुकडा वाचा

लांबलचक संदेशातला ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’ हा भाग सगळ्यांच्या वाट्याला सारखाच येतो. निदान त्याच्या पुढच्या चार-पाच शब्दांत असते आणि घाईत नेमके तेच वाचायचे राहून जातात.

‘अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट’ म्हणजे साखळीच्या वरच्या टोकाला जे नाव आहे ते पिपच्या यादीत सापडले नाही. ‘सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट इन सर्टिफिकेट चेन’ म्हणजे सर्व्हरने रूट प्रमाणपत्रही सोबत पाठवले आणि ते पिपला अनोळखी आहे. पायपीआयशी बोलताना यांपैकी काहीही दिसले तर बहुधा आपण आणि पायपीआय यांच्यामध्ये कोणीतरी बसलेले आहे. ते कंपनीचे फायरवॉल असेल किंवा संगणकावरचे अँटीव्हायरस असेल. तपासणीसाठी ते सुरक्षित जोडणी मध्येच उघडते आणि स्वतःच्या प्रमाणपत्राने पुन्हा बंद करून आपल्या हाती देते. पाकीट मध्येच फोडून वाचले गेले आणि दुसरी मोहोर लावून पुढे धाडले गेले, असाच हा प्रकार आहे. पिप त्या दुसऱ्या मोहोरेला ओळखत नाही आणि तसे स्पष्ट सांगते, हे त्याचे कर्तव्यच आहे.

यांपैकी पहिला संदेश कंपनीच्या अंतर्गत पॅकेज-सर्व्हरशी बोलतानाच येत असेल, तर दोष बरेचदा त्या सर्व्हरचा असतो. त्याने स्वतःचे प्रमाणपत्र पाठवलेले असते आणि मधले प्रमाणपत्र जोडायचे राहिलेले असते. अनेक ब्राउझर तुटलेला दुवा स्वतः शोधून आणतात, त्यामुळे तिकडे कोणाला काही जाणवत नाही. येथे आपल्या संगणकावर कितीही खटपट केली तरी ती व्यर्थ आहे; सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यक्तीला पूर्ण साखळीची फाइल लावायला सांगावे.

‘सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड’ हा संदेश दिसला की आधी घड्याळ पाहावे. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी कार्यशाळा घेत होतो तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या चार संगणकांवर पिप अडले आणि बाकीच्यांवर सुरळीत चालले. सगळे एकाच नेटवर्कवर होते, पायथनही सगळीकडे एकच होते. अर्धा तास प्रमाणपत्रांच्या मागे घालवल्यावर एका विद्यार्थिनीने पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवले: तिथे २०१२ साल होते. त्या चारही मदरबोर्डांवरच्या नाण्याएवढ्या बॅटऱ्या संपल्या होत्या आणि वीज गेली की तारीख मागे जात होती. पिपच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नव्हते. विंडोजवर ‘डब्ल्यू३२टीएम /रीसिंक’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने दिली की वेळ जुळते, आणि लिनक्सवर ‘टाइमडेटसीटीएल’ सध्याची स्थिती दाखवते. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या बोर्डांवर घड्याळाची स्वतंत्र चिपच नसते, त्यामुळे नेटवर्कवरून वेळ मिळण्याआधी पिप चालवले तर तेथेही हेच घडते.

‘सर्टिफिकेट हॅज एक्सपायर्ड’ या संदेशामागे घड्याळ पुढे गेलेले असणे हे एक कारण आहे आणि यादी जुनी असणे हे दुसरे. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ या रूट प्रमाणपत्राची मुदत संपली. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रे वापरणाऱ्या साइट तोवर ‘आयएसआरजी रूट एक्स१’ या नव्या रूटकडे वळलेल्या होत्या, तरीही सुरक्षित जोडणी सांभाळणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीची १.०.२ ही आवृत्ती वापरणारी जुनी यंत्रे साखळीतल्या जुन्या फांदीकडेच पाहत राहिली आणि चालू मुदतीची प्रमाणपत्रेही नाकारू लागली. अशा यंत्रांवर रूटची यादी आणि ओपनएसएसएल अद्ययावत करण्याला पर्याय नसतो.

‘होस्टनेम मिसमॅच’ हा संदेश हॉटेल, वसतिगृह किंवा विमानतळाच्या वायफायवर आला, तर ब्राउझर उघडून तिथले लॉगिनचे पान पूर्ण करावे. अंतर्गत सर्व्हरच्या बाबतीत तो आला, तर प्रमाणपत्र एका नावासाठी दिलेले असते आणि आपण पत्त्यात दुसरेच काही लिहिलेले असते.

काही संदेश प्रमाणपत्राचे वाटतात, पण ते प्रमाणपत्राचे नसतात. ‘राँग व्हर्जन नंबर’ दिसल्यास प्रॉक्सीची, म्हणजे आपली रहदारी इंटरनेटकडे पोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरची, नोंद तपासावी. ‘एचटीटीपीएस_प्रॉक्सी’ या व्हेरिएबलच्या नावात एस असल्यामुळे त्याच्या किमतीची, म्हणजे त्यात लिहायच्या पत्त्याची, सुरुवातही लोक ‘एचटीटीपीएस’ने करतात. प्रॉक्सीशी बोलणे मात्र बहुतेक ठिकाणी साध्या एचटीटीपीने सुरू होते, म्हणून किमतीतला तो एस काढून पाहावा. ‘टीएलएसव्ही१ अलर्ट प्रोटोकॉल व्हर्जन’ म्हणजे पायथन फार जुन्या ओपनएसएसएलवर बांधलेले आहे. पायपीआयने टीएलएसच्या, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या नियमावलीच्या, १.० आणि १.१ या आवृत्त्या २०१८ मध्येच बंद केल्या. ‘एसएसएल मॉड्यूल इज नॉट अव्हेलेबल’ म्हणजे पायथनमध्ये तो भागच नाही. लिनक्सवर पायथन स्वतः बांधले असेल, तर आधी डेबियन-उबुंटूवर ‘लिबएसएसएल-डेव्ह’ किंवा फेडोरावर ‘ओपनएसएसएल-डेव्हेल’ बसवून ते पुन्हा बांधावे लागते, आणि पायथन ३.१० पासून पुढे ओपनएसएसएल किमान १.१.१ असावे लागते. विंडोजवर कॉन्डा ही पायथनची वेगळी पॅकेज-व्यवस्था वापरणाऱ्यांना हा संदेश एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट न करता पायथन चालवल्याने येतो. ते ॲक्टिव्हेट केले की तो जातो.

समोर कोण उभे आहे ते पाहा

आता मुख्य तपासणी करू. ब्राउझरमध्ये पायपीआय उघडून पत्त्याच्या डावीकडील चिन्हावर टिचकी मारावी आणि प्रमाणपत्र कोणी दिले ते वाचावे. तिथे ग्लोबलसाइन किंवा लेट्स एन्क्रिप्ट यांसारख्या जगन्मान्य संस्थेचे नाव असेल, तर जोडणी थेट आहे. तिथे आपल्या कंपनीचे, फायरवॉल बनवणाऱ्या कंपनीचे किंवा अँटीव्हायरसचे नाव दिसले, तर मध्ये बसलेला कोण ते कळले.

ब्राउझरची साक्ष पुरेशी नसते, कारण काही यंत्रणा ब्राउझरची रहदारी एका पद्धतीने आणि इतर प्रोग्रॅमची दुसऱ्या पद्धतीने हाताळतात. म्हणून टर्मिनलवरूनही पाहावे: ‘ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट’ या आज्ञेपुढे पायपीआयचा पत्ता, कोलनचे चिन्ह आणि ४४३ हा पोर्ट लिहावा, त्यापुढे ‘-सर्व्हरनेम’ देऊन तोच पत्ता आणि शेवटी ‘-शोसर्ट्स’ जोडावे. विंडोजवर कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे गिट बसवलेले असेल तर गिट बॅशमध्ये ओपनएसएसएल आयतेच मिळते. प्रॉक्सी असल्यास ‘-प्रॉक्सी’ या पर्यायाने तिचा पत्ताही द्यावा. उत्तरात वरच्या भागात क्रमांक शून्यपासून साखळी दिसते. प्रत्येक क्रमांकापुढे ‘एस’ या अक्षराने सुरू होणारी ओळ हे प्रमाणपत्र कोणाचे ते सांगते आणि ‘आय’ने सुरू होणारी ओळ ते कोणी दिले ते सांगते. सर्वांत शेवटच्या क्रमांकाची ‘आय’ची ओळ वाचावी, आपल्याला जे रूट प्रमाणपत्र मिळवायचे आहे त्याचे नाव तेच असते. हीच आज्ञा फाइल्स डॉट पायथनहोस्टेड डॉट ऑर्गसाठीही द्यावी, कारण काही ठिकाणी एका पत्त्याला तपासणीतून सूट असते आणि दुसऱ्याला नसते.

त्यानंतर ‘पायथन -एम पिप डीबग’ चालवावे. पिपची आवृत्ती, ते कोणते पायथन वापरत आहे, ‘रिक्वेस्ट्स_सीए_बंडल’ आणि ‘कर्ल_सीए_बंडल’ या व्हेरिएबलांच्या किमती आणि सर्टिफायची फाइल कुठे आहे, हे सगळे एका ठिकाणी दिसते. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी लावलेले आणि आता अस्तित्वातच नसलेल्या फाइलकडे बोट दाखवणारे व्हेरिएबल मला येथे अनेकदा सापडले आहे.

दुरुस्ती

पिप २४.२ पेक्षा जुने असल्यास आधी तेच नवीन करावे. यात अडचण अशी की पिप नवीन करायला पिपच लागते आणि ते तर अडलेले असते. अशा वेळी ब्राउझरमधून पायपीआयवरच्या पिपच्या पानावर जाऊन व्हील प्रकारची, म्हणजे बसवायला तयार असलेली फाइल उतरवावी, त्याच पानावर दिलेला एसएचए२५६ आकडा (फाइलच्या मजकुरावरून निघणारी तिची ओळख, म्हणजेच हॅश) आपल्या फाइलच्या आकड्याशी पडताळावा, आणि ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ या आज्ञेपुढे त्या फाइलचा मार्ग द्यावा. आकडा काढण्यासाठी विंडोजवर ‘सर्टयूटिल -हॅशफाइल’ (फाइलच्या नावापुढे ‘एसएचए२५६’ लिहून) आणि लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’ ही आज्ञा असते. पिपची स्वतःची अशी कोणतीही अवलंबित पॅकेजे वेगळी उतरवावी लागत नाहीत, त्यामुळे हे नेटवर्कशिवाय पार पडते. एवढे लक्षात ठेवावे की प्रत्येक व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटला, म्हणजे एकेका प्रकल्पासाठी केलेल्या पायथनच्या वेगळ्या कप्प्याला, स्वतंत्र पिप असते आणि ते पायथनसोबत आलेल्या प्रतीतून बनते. पायथन ३.१२ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांसोबत आलेली प्रत २४.२ पेक्षा जुनी आहे, त्यामुळे एका ठिकाणी सुटलेली अडचण नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पुन्हा उभी राहू शकते.

दुसरी पायरी रूट प्रमाणपत्र संगणकाच्या यादीत असल्याची खात्री करण्याची. कंपनीच्या विंडोज लॅपटॉपवर ते बहुधा असतेच, ‘सर्टएमजीआर.एमएससी’ उघडून ‘ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन अथॉरिटीज’ या कप्प्यात पाहावे. नसल्यास ते आयटी विभागाकडून मागून घ्यावे. मघाच्या आज्ञेच्या उत्तरातून प्रमाणपत्राचा मजकूर उचलून यादीत टाकण्याचा मोह होतो, पण दाराशी आलेल्या माणसाची ओळख त्याच्याच तोंडून पटवून घेण्यासारखे ते आहे. शिवाय सर्व्हर रूट प्रमाणपत्र अनेकदा पाठवतच नाही. मिळालेल्या फाइलची एसएचए२५६ बोटखूण आयटी विभागाला फोनवर वाचून दाखवून जुळवावी. दोन मिनिटांचे काम आहे आणि ते कधीही टाळू नये.

डेबियन किंवा उबुंटूवर ती फाइल यूएसआर, त्यात लोकल, त्यात शेअर, त्यात सीए-सर्टिफिकेट्स या फोल्डरमध्ये ठेवून ‘अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स’ चालवावे. फाइलच्या नावाचा शेवट ‘.सीआरटी’ असाच हवा, ‘.पेम’ किंवा ‘.सर’ असेल तर आज्ञा काही न बोलता ती वगळते. उत्तरात ‘१ ॲडेड’ असे दिसले तरच काम झाले असे समजावे. फेडोरा आणि रेड हॅटवर फोल्डर वेगळा आहे: ईटीसी, त्यात पीकेआय, त्यात सीए-ट्रस्ट, त्यात सोर्स, त्यात अँकर्स, आणि आज्ञा ‘अपडेट-सीए-ट्रस्ट’. मॅकवर कीचेन ॲक्सेसमध्ये सिस्टिम कीचेनमध्ये ती घालून ‘ऑल्वेज ट्रस्ट’ निवडावे. फाइल उघडल्यावर वाचता येणारा मजकूर न दिसता चित्रविचित्र चिन्हे दिसली, तर ती डीईआर स्वरूपात आहे. ‘ओपनएसएसएल एक्स५०९ -इनफॉर्म डीईआर -इन’ पुढे जुनी फाइल आणि ‘-आउट’ पुढे नवी फाइल देऊन तिचे पेम स्वरूप करून घ्यावे.

पिप नवीन करणे काही कारणाने शक्य नसेल, उदाहरणार्थ प्रकल्प पायथन ३.९ किंवा त्याहून जुन्या आवृत्तीवर अडकलेला असेल, तर ‘पिप कॉन्फिग सेट ग्लोबल.सर्ट’ या आज्ञेपुढे पेम फाइलचा पूर्ण मार्ग द्यावा. ही नोंद वापरकर्त्याच्या पिपच्या सेटिंगमध्ये जाते आणि त्याच्या सगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटना लागू होते. हेच काम ‘पिप_सर्ट’ हे व्हेरिएबलही करते. पिपच्या आत असलेली सर्टिफायची फाइल उघडून तिच्यात फेरफार करण्याचा सल्ला काही जण देतात, तो मानू नये. पुढच्या अद्ययावतीकरणात तो फेरफार पुसला जातो.

येथे एक बारकावा मी स्वतः त्रास सोसून शिकलो. ऑफिसमध्ये एका दुपारी मी कंपनीचे एकट्याचे रूट प्रमाणपत्र असलेली फाइल अशी लावली, पिप लगेच चालू झाले आणि मी समाधानाने घरी गेलो. रात्री घरच्या इंटरनेटवर तेच पिप तीच चूक दाखवू लागले. कारण असे की पिपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये ही फाइल मूळ यादीत भर घालत नाही, ती मूळ यादीची जागा घेते. ऑफिसमध्ये प्रत्येक जोडणीवर कंपनीचीच सही असल्याने एक प्रमाणपत्र पुरत होते. घरी पायपीआयचे खरे प्रमाणपत्र समोर आले आणि त्याची ओळख पटवणारे त्या फाइलमध्ये काहीच उरलेले नव्हते. म्हणून सर्टिफायच्या फाइलची प्रत काढावी, तिच्या तळाशी कंपनीचे रूट प्रमाणपत्र चिकटवावे आणि ही एकत्रित फाइल वापरावी. चिकटवताना आधीच्या ‘एंड सर्टिफिकेट’च्या ओळीनंतर नवीन ओळ सुरू झाली आहे ना ते डोळ्यांनी पाहावे. दोन्ही ओळी एकमेकींना जोडल्या गेल्या तर फाइल वाचलीच जात नाही, आणि येणारा संदेश मात्र भलतीकडेच बोट दाखवतो. ही एकत्रित यादी आपोआप ताजी होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. वर्षातून एक-दोनदा ती नव्याने बनवावी लागते.

पिप सुटले, बाकीचे अडले

पॅकेज बसले, पण त्याच पायथनमधला आपला प्रोग्रॅम इंटरनेटवर जाताना अडला, असेही होते, कारण पिपची सेटिंग फक्त पिपपुरती असते. ‘रिक्वेस्ट्स’ ही लायब्ररी वापरणाऱ्या प्रोग्रॅमसाठी ‘रिक्वेस्ट्स_सीए_बंडल’ आणि पायथनच्या मूळ एसएसएल मॉड्यूलसाठी ‘एसएसएल_सर्ट_फाइल’ या व्हेरिएबलमध्ये एकत्रित फाइलचा मार्ग द्यावा. मॅकवर पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरचे इन्स्टॉलर वापरले असेल, तर ॲप्लिकेशन्समधल्या पायथनच्या फोल्डरमध्ये ‘इन्स्टॉल सर्टिफिकेट्स’ नावाची फाइल असते. ती एकदा चालवावी लागते, आणि ही पायरी फार जणांच्या नजरेतून सुटते. पायथन ३.१३ पासून एसएसएल मॉड्यूलची मूळची पडताळणी अधिक कडक झाली आहे. त्यामुळे घाईत बनवलेले एखादे अंतर्गत रूट प्रमाणपत्र ३.१२ मध्ये चालते आणि ३.१३ मध्ये नाकारले जाते, असे दिसल्यास प्रमाणपत्र नियमाप्रमाणे नव्याने बनवून घेणे हाच उपाय आहे.

पिपला गिटच्या पत्त्यावरून पॅकेज आणायला सांगितले, तर प्रत्यक्ष जोडणी गिट करते आणि गिट स्वतःच्या सेटिंगप्रमाणे प्रमाणपत्रे तपासते. विंडोजवर ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल एचटीटीपी.एसएसएलबॅकएंड एसचॅनेल’ ही आज्ञा दिली की गिट विंडोजची यादी वापरू लागते. कॉन्डामध्ये ‘एसएसएल_व्हेरिफाय’ या सेटिंगला ‘ट्रस्टस्टोअर’ ही किंमत देता येते.

डॉकरच्या कंटेनरला, म्हणजे प्रोग्रॅम चालवण्याच्या बंदिस्त पेटीला, आपल्या संगणकाची यादी दिसत नाही. रूट प्रमाणपत्राची फाइल डॉकरफाइलमधून आत नकलून ‘अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स’ चालवण्याची ओळ पिपच्या पहिल्या ओळीच्या आधी लिहावी. प्रमाणपत्रात गुप्त असे काही नसते, ते सर्वांना दाखवण्यासाठीच असते. फक्त त्यासोबतची खाजगी किल्ली चुकूनही आत जाऊ देऊ नये.

‘ट्रस्टेड-होस्ट’विषयी

या पर्यायाच्या नावात विश्वास असला तरी प्रत्यक्षात तो त्या पत्त्यासाठीची तपासणीच बंद करतो. पॅकेज स्रोत-स्वरूपात असेल तर ते बसवताना त्याच्या लेखकाचा कोड आपल्या संगणकावर, आपल्या अधिकारांनिशी चालतो. तपासणी बंद असताना मधल्या कोणीही त्या जागी स्वतःचा कोड ठेवला, तर पिप तो मुकाट्याने चालवेल. कॅफेतल्या वायफायवर बसलेल्या माणसाच्या सेटिंगमध्ये ही ओळ कायमची लिहिलेली असेल, तर रोगापेक्षा इलाज भयंकर अशी स्थिती होते. लोक ती ऑफिसमध्ये लिहितात आणि लॅपटॉप घेऊन जगभर फिरतात, हीच खरी चिंतेची गोष्ट आहे. अगदीच नाइलाज झाला, सर्व्हरचे प्रमाणपत्र उद्या बदलणार आहे आणि काम आज संपवायचे आहे, तर रिक्वायरमेंट्सच्या, म्हणजे पॅकेजांची यादी असलेल्या फाइलमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश लिहून ‘--रिक्वायर-हॅशेस’ सोबत द्यावे. मग फाइल वाटेत बदलली गेली तर पिप ती बसवणार नाही. हे हॅश मात्र ज्या जोडणीची तपासणी होते अशाच ठिकाणाहून मिळवलेले असावेत.

दुरुस्ती झाल्यावर ‘पिप कॉन्फिग लिस्ट’ पाहून तिथे ‘ट्रस्टेड-होस्ट’ची जुनी ओळ असल्यास ‘पिप कॉन्फिग अनसेट’ने ती काढावी, आणि डॉकरफाइलमध्ये व बिल्डच्या स्क्रिप्टमध्येही तिचा शोध घ्यावा, नाहीतर आपली दुरुस्ती खरोखर चालते की तपासणीच होत नाही, हे कळायला मार्ग उरत नाही. मग ‘पिप डाउनलोड --नो-कॅश-डिर --नो-डेप्स सिक्स’ ही आज्ञा द्यावी. सिक्स हे अगदी छोटे पॅकेज आहे आणि कॅश टाळल्यामुळे यादीचा आणि फाइलचा असे दोन्ही पत्ते खरोखर तपासले जातात. ही आज्ञा एकदा ऑफिसच्या नेटवर्कवर आणि एकदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, आधी उतरलेली फाइल पुसून, चालवावी. दोन्हीकडे फाइल उतरली की काम पूर्ण झाले.